कार्ड पेटीत, रुग्ण घरात: एका सामुदायिक आरोग्य निधीचं प्रकरण

हे प्रकरण एका डोंगराळ ग्रामीण भागातल्या आरोग्य निधीचं आहे. भाग, संस्था, रुग्णालय आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत आणि आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. निधीच्या पहिल्या तीन वर्षांत समितीसमोर कोणते पेच आले आणि ते कसे सोडवले गेले, किंवा सुटले नाहीत, ते इथे मांडलं आहे.

पार्श्वभूमी

निधी सुरू केला तो महिला बचत गटांच्या एका महासंघाने. कारण त्यांच्याच वहीत होतं. गटातून दिलेल्या कर्जांत थकबाकी सर्वांत जास्त कुठली, हे तपासलं तेव्हा बियाणं किंवा घरदुरुस्तीपेक्षा आजारपणाची कर्जं पुढे निघाली. घरातलं माणूस भरती झालं की आधी शेळ्या विकल्या जात, मग गटाचं कर्ज, मग सावकार. यातून बायकांनीच विचारलं: आजारी पडल्यावर कर्ज काढण्यापेक्षा आधीच सगळ्यांनी थोडं थोडं बाजूला ठेवलं तर?

हा विचार नवा नव्हता. आफ्रिकेत १९८७ च्या बामाको उपक्रमानंतर (दवाखान्यांचा काही खर्च लोकांकडूनच भागवण्याच्या आफ्रिकी आरोग्यमंत्र्यांच्या ठरावानंतर) सरकारी दवाखान्यांत शुल्क घेण्याचा प्रघात वाढला आणि त्याचा भार वाटून घेण्यासाठी नव्वदच्या दशकात असे निधी ठिकठिकाणी उभे राहिले. तेव्हाच्या झाईरमधली (आताच्या काँगोतली) बवामांडा रुग्णालयाची योजना तर १९८६ ची. भारतात असंघटित महिला कामगारांच्या 'सेवा' संस्थेचा महिलांसाठीचा विमा आणि तमिळनाडूतल्या गुडलूरच्या आदिवासींची योजना, दोन्ही १९९२ च्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने तर सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन गावंच्या गावं जोडली होती. महासंघाच्या समितीने यातल्या काही योजनांची माहिती मिळवली आणि आपला आराखडा केला.

आराखडा असा: वर्गणी दर कुटुंबामागे, वर्षातून एकदा, शेतमजुराच्या साधारण तीन दिवसांच्या मजुरीइतकी. बदल्यात तालुक्याच्या गावी असलेल्या एका धर्मादाय रुग्णालयात भरती झाल्यास बिलाचा ८० टक्के भाग निधी देणार, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. सभासदाने आधी बिल भरायचं, मग पावत्या देऊन पैसे परत घ्यायचे. ओपीडीचा, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च नाही. आणि भरती होण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी हवी. वर्गणी भरायचा महिना महासंघाच्या हिशेबी वर्षाप्रमाणे ठरला. तो नेमका पेरणीच्या तोंडावरचा, म्हणजे घरात रोकड सर्वांत कमी असते तेव्हाचा. पहिल्या वर्षी सहाशेच्या आसपास कुटुंबं आली. महासंघातल्या एकूण कुटुंबांपैकी ती निम्म्याहून थोडी जास्त.

अडचण: उरलेले पैसे

वर्ष संपलं तेव्हा जमलेल्या वर्गणीपैकी निम्मी रक्कम शिल्लक होती. वार्षिक सभेत टाळ्या वाजल्या. निधी टिकणार, असा सूर होता.

एका कार्यकर्तीला ते पटेना. तिच्याकडे वरच्या अंगाच्या सात वाड्या होत्या आणि तिथून पहिल्या दहा महिन्यांत एकही दावा आला नव्हता. सात वाड्यांत एवढे महिने कोणी आजारीच पडलं नाही, हे शक्य नव्हतं. तिने तेव्हाच घरोघरी जाऊन दोनच प्रश्न विचारले होते: गेल्या महिन्यात घरात कोण आजारी होतं? आणि तुम्ही काय केलंत? वही भरली तेव्हा दिसलं की निधीचं कार्ड असलेली घरं आणि नसलेली घरं जवळपास सारखीच वागत होती. आधी दोन-तीन दिवस वाट पाहायची. मग औषधाच्या दुकानातून गोळ्या. मग जवळच्या, पदवी नसलेल्या एका 'डॉक्टर'कडे सुई. तालुक्याचं रुग्णालय सर्वांत शेवटी.

तिने मग मंजूर झालेले दावे गावांप्रमाणे लावले. बहुतेक सगळे रस्त्यालगतच्या गावांतले होते. त्यातही ज्यांच्या घरी दुचाकी आहे किंवा एखादं पगारी माणूस आहे, अशांचे. म्हणजे वरच्या वाड्यांनी वर्गणी भरली आणि तिचा लाभ खालच्या गावांना मिळाला. आजारी नसलेल्यांनी आजाऱ्यांचा भार उचलावा, हा विम्याचा पाया. इथे गरीब आणि दूरची घरं जवळच्या, बऱ्या स्थितीतल्या घरांचा भार उचलत होती. या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट ही. पावत्या, सह्या, ताळेबंद, सगळं चोख असताना हे घडत होतं, आणि ताळेबंदात ते दिसण्याची सोयच नव्हती.

एका घरातले तीन दिवस

याच वाड्यांपैकी एका घरात सून, दोन मुलं, सासू आणि दीर असे राहत. नवरा हंगामी कामाला बाहेरगावी. पहिलं वर्ष संपता संपता सुनेच्या पोटात दुखू लागलं. पहिला दिवस अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी सुई घेतली, रोख पैसे देऊन. तिसऱ्या रात्री ताप चढला, पोट कडक झालं. दिराने जीप ठरवली. रात्रीचं भाडं वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त होतं. रुग्णालयात कार्ड दाखवलं, पण डिपॉझिट भरावंच लागलं. ते शेजाऱ्याकडून उसनं आणलं. अपेंडिक्स फुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली.

दावा समितीकडे आला तो चिठ्ठीविना. केंद्र रात्री बंद होतं. कार्यकर्ती घरी गेली तेव्हा सासू म्हणाली, "ताई, चिठ्ठीसाठी सकाळपर्यंत थांबलो असतो तर सून हाती लागली असती का? आणि चिठ्ठी लागते हे आम्हाला सांगितलं कोणी?"

नियम कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला होता. घरात वाचणारं माणूस एकच, आणि ते बाहेरगावी होतं.

पहिला निर्णय: दावा मान्य करायचा की नाही

समितीत यावर दोन बैठका गेल्या. खजिनदार बाईंचं म्हणणं होतं की एकदा सूट दिली की प्रत्येकजण थेट रुग्णालयात जाईल आणि चिठ्ठीचा नियम मोडीत निघेल. हे म्हणणं पोकळ नव्हतं. किरकोळ आजार केंद्रातच बरे व्हावेत, रुग्णालयाचं महागडं बिल खरोखर गरज असेल तेव्हाच यावं, म्हणून जगभरच्या योजनांत असा टप्पा असतो. कार्यकर्तीने उलट विचारलं: ज्या वेळी केंद्र उघडंच नसतं, त्या वेळची चिठ्ठी मागायची कशी?

शेवटी दावा नामंजूर झाला. त्या घराला महासंघातून कमी व्याजाचं कर्ज दिलं गेलं. म्हणजे ज्या कर्जाच्या फेऱ्यातून सुटायला निधी काढला, त्याच फेऱ्यात निधीचा सभासद परत गेला.

समितीपुढे तिसरा रस्ता होता आणि तो बैठकीत कोणी मांडला नाही: दावा मान्य करायचा, त्याच ठरावात तातडीच्या भरतीसाठी वेगळा नियम लिहायचा आणि तो त्या दिवसापासून सगळ्यांना लागू करायचा. मग ती सूट राहिली नसती, नियमातली त्रुटी भरून निघाली असती. सूट आणि दुरुस्ती यांतला फरक न केल्याने चर्चा "नियम पाळायचा की माणुसकी" अशा चुकीच्या फाट्यावर अडकली.

दुसरं वर्ष

बातमी वाड्या-वाड्यांत पोचायला वेळ लागला नाही. नूतनीकरणाच्या वेळी तीनातलं एक कुटुंब आलं नाही, आणि त्या सुनेची वाडी तर पूर्ण बाहेर पडली. काहींनी दावा नाकारल्याचं कारण दिलं. बऱ्याच जणांचं म्हणणं साधं होतं: वर्षभर पैसे भरले, काही मिळालं नाही. पेरणीमुळे हातात पैसा नाही, हे तर सगळ्याच घरांत ऐकू आलं.

आत राहिले ते बहुतेक असे, ज्यांच्या घरी मधुमेह, हृदयविकार किंवा बरेच दिवस टाळलेली हर्नियाची शस्त्रक्रिया होती. काही नवी कुटुंबंही याच कारणाने आली. यात लबाडी काहीच नाही. सक्ती नसलेल्या विम्यात गरज असलेला माणूस येतो आणि धडधाकट माणूस थांबतो. याला प्रतिकूल निवड म्हणतात, आणि लहान निधीला ती फार लवकर गाठते. चारशे-साडेचारशे कुटुंबांच्या निधीत एका महिन्यात चार-पाच मोठ्या शस्त्रक्रिया आल्या की सगळं गणित कोसळतं. तसंच झालं. वर्ष संपायच्या आधीच निधी तुटीत गेला आणि पहिल्या वर्षीची शिल्लक त्यात संपली.

कोणते पर्याय होते

वर्गणी दुप्पट करावी, हा पहिला प्रस्ताव. त्याने तूट एका वर्षापुरती भरली असती, पण उरलेली निरोगी घरंही बाहेर गेली असती. तो लगेच मागे पडला.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियांसाठी काही महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी ठेवावा, हा प्रस्ताव खजिनदार बाईंचा. तो रास्त होता आणि पुढे स्वीकारला गेला. तातडीच्या भरतीला मात्र तो लागू नाही, असं या वेळी आठवणीने लिहिलं.

खरा वाद झाला तो ओपीडीवर. एका बाजूचं मत असं की विमा मोठ्या, अवचित खर्चासाठी असतो. सर्दी-तापाच्या पावत्या तपासत बसलो तर कागदपत्रांतच निधी संपेल. पुस्तकी दृष्टीने हे बरोबर आहे. पण घराच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. भरतीची वेळ एका घरात काही वर्षांतून एकदा येते. ताप, खोकला, जुलाब दर महिन्याला. ज्या कार्डाचा उपयोग वर्षानुवर्षं होत नाही, त्यावर घराचा विश्वास बसत नाही. शिवाय अपेंडिक्सचं दुखणं पहिल्या दिवशी ओपीडीतच दाखवायचं असतं. इथिओपियाने २०११ मध्ये तेरा जिल्ह्यांत प्रायोगिक योजना सुरू केली, तिच्यात ओपीडीही होती आणि नंतरच्या अभ्यासांत ओपीडीचा वापर वाढलेला दिसला. समितीत हे उदाहरण मांडलं गेलं. त्याला उत्तर म्हणून गिनीतल्या मालिआंदो योजनेचं उदाहरणही आलं: तिथे लोकांना विमा म्हणजे काय ते चांगलं कळलं होतं, तरी सभासद घटले, कारण केंद्रात मिळणाऱ्या उपचारांच्या दर्जावर ते नाराज होते. आपल्या केंद्रात औषधंच नसतील, तर ओपीडी मोफत करून काय मिळणार? या प्रश्नाने चर्चा योग्य जागी आली.

प्रसूतीच्या संदर्भात १९९४ पासून 'तीन विलंबां'ची मांडणी वापरली जाते: जायचं ठरवण्यातला उशीर, पोचण्यातला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. कार्यकर्तीने तिची वही या तीन रकान्यांत मांडून दाखवली. निधीचा पैसा तिसऱ्या रकान्याच्याही शेवटी, डिस्चार्जनंतर, येत होता. वाड्यांचं अडत होतं ते पहिल्या दोन रकान्यांत. त्यामुळे गाडीभाडं द्यावं, हा प्रस्ताव आला. कंबोडियात २००० साली सोत्निकुम इथे सुरू झालेल्या गरिबांसाठीच्या निधीने उपचारांबरोबर प्रवास आणि जेवणाचा खर्चही दिला होता, त्यामुळे कल्पना अवाजवी नव्हती. भीती होती ती खोट्या भाड्याची.

गटच्या गट सभासद करून घ्यावा, म्हणजे निरोगी-आजारी दोन्ही येतील, असंही सुचवलं गेलं. सेवाग्रामच्या योजनेतही गावातली बहुसंख्य घरं आल्याशिवाय गाव जोडलं जात नसे. यावर वरच्या वाडीतल्या एका सदस्येने धोका दाखवला: गटाची अट पुरी करायची म्हणून वर्गणी न परवडणाऱ्या बाईलाच गटातून काढतील. तिचं हे बोलणं इतिवृत्तात एका ओळीत आहे, पण पुढचा आराखडा त्या ओळीने बदलला.

काय केलं

तिसऱ्या वर्षी तातडीच्या भरतीला आधीची चिठ्ठी नको, असा नियम झाला. भरतीनंतर दोन दिवसांत गटप्रमुखाने फोन केला की पुरे. 'आधी भरा, मग मागा' ही पद्धत बंद झाली. निधीने रुग्णालयाकडे आगाऊ रक्कम ठेवली आणि त्या बदल्यात सभासदाकडून डिपॉझिट न घेण्याचं लेखी ठरलं. हा बदल मला बाकी सगळ्यांहून मोलाचा वाटतो. 'सेवा'च्या विम्यातही ग्रामीण गरीब सभासद दाव्यांत मागे राहत असल्याचं आढळलं होतं आणि तिथेही रुग्ण भरती असतानाच पैसे देण्याचा प्रयोग करून पाहिला गेला. ज्या घराकडे आज रोकड नाही, त्याला महिन्याभराने मिळणारी भरपाई आज दवाखान्याच्या दारातून आत नेऊ शकत नाही.

गाडीभाडं अंतराच्या तीन टप्प्यांत ठरवलं. वाड्यांतल्या जीपवाल्यांशी दर आधीच बोलून घेतले आणि पैसे रुग्णालयातल्या मदत टेबलावर थेट चालकाच्या हातात द्यायचे ठरले. खोट्या भाड्याची भीती त्यामुळे बरीच कमी झाली.

ओपीडी फक्त आरोग्य केंद्रापुरती घेतली. दर भेटीला छोटं शुल्क सभासदाने द्यायचं आणि केंद्रात नेहमी संपणाऱ्या औषधांची एक यादी करून ती निधीने पुरवायची. आठवड्यातून दोन दिवस केंद्र संध्याकाळी उघडं ठेवण्याचंही ठरलं. मजुरी बुडवून सकाळी येणं वाड्यांतल्या बायकांना जमतच नव्हतं. निधी फक्त पैसे देणारा राहिला असता, तर ही वेळ बदलली नसती. सभासदांच्या वतीने मागणी करणारा म्हणून तो केंद्राकडे गेला, तेव्हा बदलली.

नूतनीकरण सुगीनंतर नेलं आणि हवं तर वर्गणी साप्ताहिक बचतीबरोबर हप्त्याने भरायची सोय केली. गटातली चारातली तीन कुटुंबं आली तर वर्गणीत सवलत ठेवली. सगळ्यांनीच यावं, अशी सक्ती नाही. सर्वांत गरीब घरं गावसभेने निवडायची आणि त्यांची अर्धी वर्गणी देणगीतून भरायची. बुर्किना फासोमधल्या नुना इथल्या योजनेने २००७ मध्ये अशाच प्रकारे गावाकडून गरीब घरं निवडून त्यांची वर्गणी निम्मी केली होती.

नामंजूर झालेला तो जुना दावाही तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या बैठकीत मंजूर झाला. ठरावात कारण लिहिलं: नियमात त्रुटी होती.

निकाल

केंद्रातली ओपीडी काही महिन्यांतच वाढली, मुख्यतः मुलं आणि बायका यांची. त्या एका दाव्यानंतर वरच्या वाड्यांतून पहिल्यांदाच दावे आले. रुग्णालयातल्या डॉक्टरांचं निरीक्षण होतं की वाड्यांतले रुग्ण आता आधीच्या टप्प्यावर येतात. हे सगळं श्रेय निधीचं मानता येत नाही: त्याच वर्षी केंद्रात एक परिचारिका नव्याने आली आणि रस्त्याचा एक तुकडा दुरुस्त झाला. निधीत नसलेल्या घरांचीही ओपीडी थोडी वाढली, यावरून ते लक्षात येतं. तरी वाढ सभासद घरांत स्पष्टपणे जास्त होती. बाहेर पडलेली बरीच कुटुंबं परत आली.

गाडीभाड्यावर खर्च अपेक्षेपेक्षा कमी झाला, औषधांवर बराच जास्त. मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण आता दर महिन्याला येऊ लागले होते. खजिनदार बाईंनी याला 'गैरवापर' म्हटलं, आणि तिथे समितीने त्यांच्याशी स्पष्ट मतभेद नोंदवले. ते बरोबरच झालं. रक्तदाबाची गोळी नियमित घेणाऱ्या माणसाने दर महिन्याला केंद्रात यायलाच हवं. निधीचा पैसा त्यासाठीच आहे.

काही गोष्टी मात्र हलल्या नाहीत. बुडालेल्या मजुरीची भरपाई नाही, त्यामुळे हंगामात लोक अजूनही दुखणं अंगावर काढतात. कामासाठी बाहेरगावी गेलेल्यांना कार्ड तिथे उपयोगी पडत नाही. वर्गणी मात्र पूर्ण भरावी लागते. म्हाताऱ्यांना न्यायचं की नाही, हे घरातले कर्ते पुरुषच ठरवतात. आणि निम्म्या वर्गणीची सोय असूनही अतिगरीब घरांतली बरीच आली नाहीत, कारण ती कुठल्याच बचत गटात नाहीत. निधीत यायचं दार गटातून आहे आणि गटात शिरायलाच नियमित बचत लागते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या महिन्यापासून वाडीनिहाय वापर मोजायला हवा होता. समिती फक्त जमा-खर्च पाहत होती. कोणत्या वाडीतून किती जण ओपीडीत आले आणि किती भरती झाले, हे एका पानाचं काम आहे. कार्यकर्तीने ते दहा महिन्यांनी स्वतःहून केलं.

सभासद नोंदवताना नियम वाचून दाखवायला हवे होते, तेही घरातल्या त्या माणसाला, जे आजारपणात निर्णय घेतं. बचत गटाची सभासद सून असते. रात्री जीप बोलवायची की नाही, हे दीर किंवा सासरे ठरवतात. कार्ड सुनेच्या नावाचं आणि निर्णय दुसऱ्याचा, हे समितीतल्या प्रत्येक बाईला स्वतःच्या घरावरून ठाऊक होतं. तरीही नोंदणीची बैठक फक्त बायकांचीच झाली.

ओपीडी आणि औषधं आधी, भरतीचा विमा नंतर, असा क्रम ठेवता आला असता. घराने कार्ड वर्षात चार वेळा वापरलं असतं, तर दुसऱ्या वर्षीची गळती इतकी झाली नसती, असं मला वाटतं. मात्र सुरुवातीला भरतीचा खर्च बाजूला ठेवला असता, तर कर्जबाजारीपणाचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला असता, आणि महासंघातल्या बायका त्यासाठीच एकत्र आल्या होत्या. हा पेच सरळ सुटणारा नाही.

राहिला तो आकाराचा प्रश्न. एवढा लहान निधी एकटा फार काळ तगत नाही. रवांडाने १९९९ मध्ये तीन जिल्ह्यांत सुरू केलेले प्रयोग पुढे देशभर नेले, त्यांना कायद्याचा आधार दिला, २०११ पासून वर्गणी घराच्या ऐपतीप्रमाणे केली आणि २०१५ मध्ये कारभार राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा मंडळाकडे दिला. या महासंघासमोरही आता शेजारच्या तीन महासंघांबरोबर एक मोठा निधी करण्याचा प्रस्ताव आहे. जोखीम वाटली जाईल, हे सगळ्यांना मान्य आहे. पण बाकीचे तिघे सपाटीवरचे आहेत आणि त्यांना गाडीभाड्याचं कलम नको आहे. वरच्या वाड्यांच्या प्रतिनिधींनी ते कलम राहिल्याशिवाय सही करणार नाही, असं कळवलं आहे. बोलणी सुरू आहेत.